विश्लेषण : नळ बसला, पण तो चालवायचा खर्च कोणाचा? वाड्या-पाड्यांच्या पाण्याचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४६ लाख ग्रामीण कुटुंबे आहेत. जलजीवन मिशनच्या नोंदी पाहिल्या तर त्यातील बहुतेकांच्या दारात नळ पोहोचला आहे. तरीही मार्च उजाडला की डोंगराळ आणि आदिवासी तालुक्यांतून टँकरची मागणी सुरू होते. नळ आहे, जलकुंभ आहे, पंपगृहावर रंगवलेला योजनेचा फलकही आहे. पाणी तेवढे नाही. याचे एक कारण आटलेल्या विहिरींत आहे, तर दुसरे निधीच्या रचनेत. योजना बांधायला सरकार पैसे देते, ती चालवायची गावाने. मोठ्या गावाला हे कसेबसे झेपते. ४० घरांच्या पाड्याला झेपत नाही आणि झेपेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

जलजीवन मिशनचा पैसा येतो कुठून?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी या मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडेच नळजोडणी होती. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात माणशी रोज ५५ लिटर, पिण्यायोग्य आणि नियमित पाणी पोहोचवण्याचे उद्दिष्ट होते. अंदाजित खर्च ३ लाख ६० हजार कोटी रुपये. त्यातील २ लाख ८ हजार कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे. हिमालयीन आणि ईशान्येकडील राज्यांसाठी केंद्र-राज्य वाटा ९०:१० असा आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांना निम्मा खर्च स्वतः उचलावा लागतो.

काम मोठे झाले, यात वाद नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १५ कोटी कुटुंबांपर्यंत, म्हणजे ग्रामीण भारताच्या ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नळ पोहोचल्याचे सांगितले आणि मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर केली. मात्र त्याच अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत दुसराही आकडा होता. २०२४-२५ साठी सुमारे ७० हजार कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती २२ हजार ६९४ कोटींवर आली. निधीचा ओघ असा आटला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले. बिले थकली, कंत्राटदारांनी आंदोलने केली, कुठे जलकुंभ अर्धवट राहिला, कुठे खोदलेली चारी तशीच पडली.

बांधकामाचे पैसे आज ना उद्या येतील. खरी अडचण योजना ताब्यात घेतल्यानंतर सुरू होते.

गावाला नेमके काय भरावे लागते?

दोन गोष्टी. पहिली लोकवर्गणी. गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के रक्कम गावाने रोख, वस्तू किंवा श्रमदानातून द्यायची. डोंगराळ, जंगलव्याप्त आणि ५० टक्क्यांहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांसाठी ही अट ५ टक्के आहे. म्हणजे बांधकामाच्या टप्प्यावर गरीब गावाला थोडी सवलत आहे.

दुसरी गोष्ट देखभाल-दुरुस्तीची. वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन, टीसीएल पावडर, जळालेली मोटार, फुटलेला पाइप हे सगळे ग्रामपंचायत आणि तिच्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने पाणीपट्टीतून भागवायचे. योजना नीट चालवणाऱ्या गावाला गावांतर्गत भांडवली खर्चाच्या १० टक्के रक्कम अडीअडचणीसाठी फिरता निधी म्हणून देण्याची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. पण ती एकदाच. दरमहा येणाऱ्या वीजबिलाला ती किती दिवस पुरणार?

हे तत्त्व नवे नाही. १९९९ च्या क्षेत्र सुधारणा कार्यक्रमात आणि २००२ च्या स्वजलधारा योजनेत ते देशभर आले. महाराष्ट्रात २००३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पातही तेच होते. गावाने पैसे घातले की गाव योजनेला आपले मानते, ही त्यामागची धारणा. ती अगदीच खोटी नाही. फक्त तिने ४०० घरांचे गाव आणि ४० घरांचा पाडा एकाच तागडीत तोलले.

लहान गावाला पाणी महाग का पडते?

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. ४० घरांचा पाडा, लोकसंख्या २००. माणशी ५५ लिटर धरले तर रोज ११ हजार लिटर पाणी लागेल. विहीर खाली ओढ्याकाठी, टाकी ६० मीटर उंचावर. हे पाणी वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जेमतेम १.८ युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि पाइपमधील तूट धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली, तर रोजचे साडेचार युनिट, महिन्याचे १३५. युनिटला सगळे आकार मिळून ८ रुपये धरले तर वीजबिल होते सुमारे १,१०० रुपये.

वीज परवडते. पण पंप चालू-बंद करायला, व्हॉल्व्ह फिरवायला, टाकीत पावडर टाकायला माणूस लागतो. त्याला महिना ४ हजार धरू. पावडर आणि पाणी तपासणीचे ५००. मोटार जळाली, स्टार्टर गेला तर हाताशी असावेत म्हणून बाजूला ठेवायचे २ हजार. एकूण ७,६०० रुपये. घरटी महिना १९० रुपये, वर्षाला २,२८०.

आता हाच हिशेब ४०० घरांच्या गावाचा. वीज दहापट, म्हणजे १०,८००. माणूस मात्र दहापट लागत नाही. मानधन ८ हजार धरू. पावडर-तपासणी २,५००, दुरुस्तीसाठी ६ हजार. एकूण २७,३०० रुपये. घरटी महिना ६८ रुपये, वर्षाला सुमारे ८२०.

दर गावागणिक बदलतील, निष्कर्ष बदलत नाही. तेच ५५ लिटर पाणी पाड्यावरच्या घराला जवळपास पावणेतीनपट महाग पडते. मोठ्या गावात नोकरदार असतात, दुकाने असतात, बारमाही बागायत असते. पाड्यावर पावसाळी भातशेती आणि मजुरी. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्या माथी दर सर्वांत जास्त, असा हा उलटा न्याय आहे.

त्यात स्थलांतराची भर. पालघर, ठाणे, रायगडमधील अनेक कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाणीपट्टीची वसुली जोरात असते ती मार्चअखेर, म्हणजे नेमकी घरांना कुलपे असताना. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे?

वित्त आयोगाचा निधी असतो, मग अडते कुठे?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ६० टक्के बंधित, म्हणजे ३० टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पुनर्वापरासाठी आणि ३० टक्के स्वच्छतेसाठी. ग्रामपंचायतींच्या हाती येणारा पाण्याचा हा सर्वांत भरवशाचा पैसा होता.

अडचण वाटपाच्या सूत्रात होती. एकाच स्तरावरील संस्थांमध्ये हा निधी लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन देऊन वाटावा, किंवा राज्य वित्त आयोगाच्या स्वीकारलेल्या शिफारशींनुसार, असे आयोगाने सुचवले होते. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण आपण वर पाहिले की, पाण्याचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. लोकसंख्या दहापट कमी असेल तर निधी जवळपास दहापट कमी मिळतो, खर्च मात्र साडेतीनपटच कमी होतो.

शिवाय पाडा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. अनेक पाडे मिळून एक गटग्रामपंचायत असते. निधी तिच्या खात्यात येतो, आणि गावठाणातली योजना बंद पडली तर जेवढी ओरड होते, तेवढी टेकडीवरच्या १५ घरांचा नळ बंद पडला तर होत नाही.

विशेष म्हणजे केंद्र राज्यांना जलजीवनचा निधी वाटते तेव्हा केवळ डोकी मोजत नाही. ग्रामीण लोकसंख्येसोबत अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या, अवर्षणप्रवण, वाळवंटी आणि डोंगरी भाग, रासायनिक प्रदूषण असलेल्या वस्त्या यांना त्या सूत्रात वेगळे वजन आहे. बिकट भूगोलाला जास्त पैसे लागतात, हे तत्त्व दिल्लीने राज्यांपुरते मान्य केले आहे. देखभालीच्या पैशात ते गावापर्यंत उतरलेले नाही.

पाणी येते, पण पिण्यायोग्य असते का?

केंद्रानेच केलेल्या २०२२ च्या कार्यक्षमता पाहणीत ६२ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे पूर्णतः कार्यरत नळजोडणी आढळली. पूर्णतः कार्यरत म्हणजे पुरेसे, नियमित आणि निकषात बसणारे पाणी. या तिन्ही अटींपैकी शुद्धतेची अट लहान गावाला सर्वांत जड जाते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत सूट. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग पडतात, पुढे हाडे वाकतात. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचा प्रश्न आहे. तिथे गावाची विहीर कामाची नाही, त्यामुळे अकोल्याच्या ८४ खेडी योजनेसारख्या दूरवरून पाणी आणणाऱ्या प्रादेशिक योजनांवर भिस्त ठेवावी लागते. अशा योजनेत शेवटच्या टोकाचे गाव पाणी मिळायला शेवटचे, गळतीचा फटका बसायला पहिले.

तंत्रज्ञान नाही, असे नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करते. ती स्वस्त आहे आणि दशकांपासून माहीत आहे. पण तिच्यासाठी योग्य मात्रा मोजून टाकणारा, गाळ काढणारा, पाणी तपासणारा माणूस रोज लागतो. आरओ यंत्रालाही ठरावीक काळाने मेम्ब्रेन बदलावी लागते. यंत्र बसवण्याचा निधी येतो, उद्घाटन होते, आणि पहिली मेम्ब्रेन संपली की 'पाण्याचे एटीएम' बंद पडते. माणसाला आणि मेम्ब्रेनला पैसे देणारे खाते कोणतेच नसते.

टँकरला पैसे आहेत, दुरुस्तीला का नाहीत?

दरवर्षी जिल्हा प्रशासन टंचाई कृती आराखडा तयार करते. ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांत विहीर अधिग्रहण, विंधन विहिरी, तात्पुरती पूरक नळ योजना, नळ योजनांची विशेष दुरुस्ती आणि टँकर अशा उपाययोजना त्यात असतात. म्हणजे पाणी नाही म्हटल्यावर सरकार पैसे देतेच. पण योजना बंद पडून गाव तहानल्यावर. ती बंद पडू नये म्हणून वर्षभर लागणारी छोटी रक्कम मात्र गावाची 'स्वतःची जबाबदारी' ठरते.

शहापूर तालुक्यात हा विरोधाभास सर्वांत ठळक दिसतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात. तिथले अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर. तानसा-वैतरणेचे पाणी मुंबईकडे बहुतांशी गुरुत्वाकर्षणाने उताराने जाते आणि त्याचा खर्च सव्वा कोटी लोकांत वाटला जातो. धरणाशेजारच्या टेकडीवरच्या पाड्याला मात्र पाणी पंपाने चढवावे लागते आणि खर्च ४० घरांत वाटायचा असतो. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणण्याची योजना म्हणूनच महत्त्वाची. पण ती रेंगाळली, आणि दरम्यान आणखी उन्हाळे टँकरवर गेले.

'फुकट दिले तर किंमत राहत नाही' हा आक्षेप किती खरा?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाणीपट्टी माफ केल्याने कोलमडलेल्या योजना महाराष्ट्राला नव्या नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर वसुली थांबते, वीजबिल थकते, जोडणी तोडली जाते, आणि मग थकबाकी माफ करण्याची मागणी पुढे येते. त्यामुळे पाणी मोफत करा, असे म्हणणे म्हणजे हीच गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात घालणे.

पण प्रश्न फुकट देण्याचा नाहीच. प्रश्न आहे तो समान दराचा. पाड्यावरच्या घराने मोठ्या गावातल्या घराइतकी पाणीपट्टी जरूर भरावी. वरच्या उदाहरणात महिना ६८ रुपये. उरलेली तूट ही त्या घराची उधळपट्टी नाही, ती भूगोलाची आणि लहान आकाराची किंमत आहे. आपल्या काल्पनिक पाड्यासाठी ही तूट महिन्याला सुमारे ४,९०० रुपये, वर्षाला ५९ हजारांच्या घरात जाते. एवढ्या रकमेवाचून लाखो रुपयांची योजना गंजत पडते. यात काटकसर कुठे आहे?

शहरांत हा न्याय आधीच लागू आहे. उंचावरच्या सोसायटीला पाणी पोहोचवायला जास्त वीज लागते, म्हणून महापालिका तिला वेगळा दर लावत नाही. खर्च अख्ख्या शहराच्या खात्यात मिसळतो. खेड्यात मात्र प्रत्येक पाड्याला आपापले पाहा, असे सांगितले जाते.

इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला जातो?

लहान वस्त्यांचा प्रश्न श्रीमंत देशांनाही चुकलेला नाही. अमेरिकेत २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने लहान किंवा वंचित वस्त्यांच्या पाण्यातील नव्याने आढळणाऱ्या प्रदूषकांसाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलरची अनुदाने ठेवली. लहान म्हणजे १० हजारांपेक्षा कमी लोकसंख्या. या अनुदानासाठी स्थानिक हिश्शाची अट नाही, कारण हिस्सा भरता येत नाही म्हणूनच तर या वस्त्या मागे राहिल्या.

कॅलिफोर्निया आणखी पुढे गेले. शेतमजुरांच्या छोट्या वस्त्यांत नायट्रेट आणि आर्सेनिकयुक्त पाण्याचा प्रश्न तिथे जुना आहे. यंत्रे बसवायला अनुदान मिळे, चालवायला मिळत नसे, अगदी आपल्यासारखेच. २०१९ मध्ये त्या राज्याने कायदा करून वर्षाला १३ कोटी डॉलरपर्यंतचा स्वतंत्र निधी २०३० पर्यंत बांधून दिला. तो देखभाल आणि चालवण्याच्या खर्चासाठीही वापरता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. लहान योजना शेजारच्या मोठ्या योजनेत विलीन करायलाही त्यातून मदत होते.

पैसा कमी असलेल्या ठिकाणचे उदाहरण हवे असेल तर ब्राझीलचे आहे. तिथल्या दुष्काळी सिआरा राज्यात १९९६ पासून 'सिसार' नावाची व्यवस्था आहे. गावोगावच्या पाणी संघटना एकत्र येऊन एक महासंघ चालवतात. रोजचे काम गावातला माणूस बघतो, मोठी दुरुस्ती आणि पाण्याची तपासणी महासंघाचे तंत्रज्ञ करतात. एका गावाला न परवडणारा मेकॅनिक शंभर गावांना परवडतो.

महाराष्ट्राने काय करायला हवे?

पहिले, देखभालीचे अनुदान माणशी न देता योजनेमागे द्यावे. त्याचा एक भाग प्रत्येक योजनेला ठरावीक असावा, दुसरा घरांच्या संख्येनुसार. वस्ती जितकी लहान आणि उंचावर, तितका ठरावीक भाग मोठा. गावाची पाणीपट्टी तालुक्यातील मोठ्या गावांच्या पातळीवर ठेवावी आणि तूट राज्याने भरावी.

दुसरे, तालुका पातळीवर दुरुस्ती पथके हवीत. ही कल्पना परकी नाही. पंचायत समित्यांची हातपंप दुरुस्ती पथके अनेक वर्षे काम करत आली आहेत. हातपंपासाठी जे सुचले, ते नळ योजनांसाठी का सुचू नये?

तिसरे, निविदा काढताना केवळ बांधकामाचा खर्च न पाहता पुढच्या २०-२५ वर्षांचा चालवण्याचा खर्चही मोजावा. उताराने येणारा झरा, सौर ऊर्जेवरचा दुहेरी पंप किंवा लांबची पण पंपाविना येणारी वाहिनी बांधायला महाग वाटेल, पण दरमहा बिल पाठवत नाही. आज बांधताना वाचवलेला रुपया उद्या पाड्याच्या माथी मारला जातो.

चौथे, हे अनुदान आंधळेपणाने देऊ नये. महिन्यात किती दिवस पाणी आले आणि तपासणीत ते कसे ठरले, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे, ग्रामसभेत वाचावे आणि पुढचा हप्ता त्यावर ठरवावा. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद मिशनमध्ये आहेच. पाणी आले की नाही, हे त्यांच्यापेक्षा अधिक खात्रीने कोण सांगणार?

मुदतवाढ जाहीर करताना केंद्रानेही देखभालीवर आणि लोकसहभागावर भर देण्याची भाषा केली. लोकसहभागाचा अर्थ केवळ गावाकडून वसुली असा घेतला गेला, तर २०२८ मध्ये नळांची टक्केवारी शंभर असेल आणि त्याच उन्हाळ्यात टँकरही धावत असतील. मिशनचे यश नळ मोजून ठरवायचे नसेल, तर हिशेबाची वहीही बदलावी लागेल. त्या वहीत बांधकामाच्या रकान्याशेजारी दरमहा चालवण्याच्या खर्चाचा रकाना हवा, आणि पाड्याची बाजू तिथे राज्याने भरायला हवी.